मागील बाकी

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की अंगणात कारीट फोडायचे, ही आमच्या कोकणातल्या घराची जुनी चाल. कडू कारीट म्हणजे नरकासुर. त्याला डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे, त्याची बी जिभेला लावून तोंड वाकडे करायचे आणि मग फराळाला बसायचे. गेल्या वर्षी हा विधी चालू असताना माझ्या नातीने मला मध्येच थांबवले. "आजोबा, कृष्ण द्वारकेचा ना? आणि नरकासुर प्राग्ज्योतिषपूरचा, म्हणजे पार आसामातला. मग कृष्ण इतक्या लांब गेला कशाला? तिकडे कोणी राजा नव्हता का त्याला शिक्षा करायला?"

मी म्हटले, "अगं, तिकडचा राजाच तर नरकासुर होता!"

उत्तर झटकन तोंडून गेले खरे, पण चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता माझ्या ध्यानात आले की पोरीने विचारलेला प्रश्न कायदेपंडितांना अजून पुरता सुटलेला नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर शेताने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? सोळा हजार बायका कोंडून ठेवणारा चोर जर स्वतःच सिंहासनावर बसलेला असेल, तर त्याच्या राज्यात त्याच्यावर फिर्याद घेणार कोण? आणि शेजारच्या राज्याने घ्यावी, तर 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर तयारच असते.

हद्द हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि इथे चांगलाच रुळला. शेताला हद्द, गावाला हद्द, नगरपालिकेला हद्द, पोलीस ठाण्याला हद्द. लहानपणी एक गोष्ट ऐकली होती. दोन गावांच्या मधल्या नदीत एक प्रेत तरंगत आले. अलीकडच्या पाटलाने ते काठीने पलीकडे ढकलले, पलीकडच्या पाटलाने अलीकडे. दिवसभर हा खेळ चालला. संध्याकाळी नदीलाच त्या प्रेताची दया आली असावी, तिने ते समुद्रात नेऊन पोचवले. दोन्ही गावांचे दप्तर मात्र स्वच्छ राहिले! आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे असे बजावले आहे. म्हणजे काठी तरी पाटलाच्या हातातून काढून घेतली.

पण याच शब्दाचा आपल्या बोलण्यातला दुसरा उपयोग पाहा. एखाद्याचे वागणे सोसण्यापलीकडे गेले की आपण म्हणतो, "हद्द झाली!" हे म्हणताना गाव कोणते, तालुका कोणता, हे कोणी विचारत नाही. ज्या दुष्टपणाने हद्द केली, त्याचा न्याय करताना हद्द आड येऊ नये, एवढे शहाणपण भाषेत कधीचेच मुरलेले आहे. कायद्यात ते मुरायला पुष्कळ काळ लागला. तिकडे त्याला सार्वत्रिक न्यायाधिकार असे भारदस्त नाव आहे. काही गुन्हे असे असतात की ते कुठेही घडोत, कोणीही करो, कोणावरही होवोत, गुन्हेगार ज्या देशाच्या हाती लागेल त्या देशाला त्याच्यावर खटला चालवता येतो. सारे तत्त्व या एका वाक्यात मावते.

हे तत्त्व माणसाला प्रथम सुचले ते समुद्रावर. खोल समुद्र कोणाच्याच हद्दीत नाही, म्हणून चाचा हा सगळ्यांचाच शत्रू आणि त्याला पकडणे हा सगळ्यांचाच हक्क. याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको, आपली मुंबई पुरे. १९९९ च्या ऑक्टोबरात 'अलोंड्रा रेनबो' नावाचे जपानी मालकीचे, पनामाचा झेंडा लावलेले जहाज सुमारे सात हजार टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानकडे निघाले आणि वाटेत चाच्यांच्या तावडीत सापडले. जहाजावरच्या जपानी आणि फिलिपिनो माणसांना चाच्यांनी तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिले. थायलंडच्या एका मासेमारी बोटीने ती माणसे वाचवली. जहाजाचे नाव बदलण्यात आले, झेंडा बदलण्यात आला. नोव्हेंबरात आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते अरबी समुद्रात गाठून मुंबईला आणले. चाचे इंडोनेशियाचे, मालक जपानी, झेंडा पनामाचा आणि खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात! २००३ साली आरोपींना शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीची व्याख्या सांगणारे कलमच तेव्हा आपल्या दंडसंहितेत नव्हते. ती उणीव २०२२ च्या कायद्याने भरून काढली, म्हणून मार्च २०२४ मध्ये नौदलाने 'रुएन' जहाजावरून पकडून आणलेले ३५ सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यांना लावायला स्वतंत्र कायदा तयार होता.

समुद्रावरच्या चाच्याविषयी जगाचे असे चटकन एकमत झाले, कारण तो गरीब बिचारा कोणाचाच नातलग नसतो. अडचण येते ती खुर्चीवरच्या चाच्याची. त्याला राष्ट्रगीत असते, तोफांची सलामी असते, मोठ्या देशांशी मैत्री असते. त्याच्याविषयी एकमत व्हायला दुसरे महायुद्ध आणि त्यातले कोट्यवधी मृत्यू लागले. १९४९ चे जिनिव्हा करार झाले. त्यांच्या गंभीर भंगाबद्दल, तो भारतात झालेला असो वा भारताबाहेर, कोणावरही खटला भरता येईल अशी तरतूद आपल्याकडेही १९६० च्या कायद्यात आहे. फिर्याद मात्र सरकारनेच केली पाहिजे. १९८४ साली संयुक्त राष्ट्रांनी छळवणुकीविरुद्धचा करार मंजूर केला. त्याचे सार असे, की छळ करणारा तुमच्या देशात सापडला तर एक तर त्याच्यावर खटला चालवा, नाहीतर जो देश खटला चालवायला तयार असेल त्याच्या ताब्यात त्याला द्या. गप्प बसण्याची मुभा नाही. या करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. म्हणजे पत्रिका छापली, मुहूर्त काही निघाला नाही!

पण तत्त्वे आणि करार नुसते कागदावर असतात तोवर त्यांचे वजन कळत नाही. ते कळले मला एका हिशेबनिसाची हकीकत वाचली तेव्हा, आणि आज खरे तर तीच तुम्हाला सांगायची आहे.

आफ्रिकेच्या ऐन मध्यात, समुद्राचे तोंडही न पाहिलेला चाड नावाचा देश आहे. एके काळी तिथे फ्रेंचांचे राज्य होते. १९८२ च्या जूनमध्ये हिसेन हाब्रे नावाच्या पुढाऱ्याने बंदुकीच्या जोरावर तिथली सत्ता बळकावली आणि डिसेंबर १९९० पर्यंत ती उपभोगली. उत्तरेला लिबियाचा गद्दाफी, त्याला शह म्हणून हाब्रे अमेरिकेला आणि फ्रान्सला हवाहवासा वाटे. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी त्याचे व्हाइट हाउसमध्ये स्वागतही केले. इकडे त्याच्या गुप्त पोलिसांनी राजधानी एन्जामेनामध्ये फ्रेंच अमदानीतला एक पोहण्याचा तलाव निवडला, त्यावर काँक्रीटचे छत घातले, आत भिंती घालून कोठड्या केल्या आणि तिथे माणसे कोंडली. लोक त्या तुरुंगाला तलावच म्हणत. ज्या जागी मुलांनी डुंबायचे, तिथे माणसे उकाड्याने, उपासाने आणि मारहाणीने मरू लागली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने त्या आठ वर्षांतल्या मृत्यूंचा अंदाज ४०,००० असा दिला.

१९८८ साली या यंत्रणेने सुलेमान गेंगेंग नावाच्या गृहस्थाला पकडले. चाड सरोवराच्या खोऱ्यासाठी चार देशांनी मिळून एक आयोग नेमलेला होता, त्यात हा मनुष्य हिशेबनीस होता. राजकारणाशी फारसा संबंध नाही, देवभीरू, संसारी. दोन वर्षांहून अधिक काळ तो वेगवेगळ्या तुरुंगांतून फिरला. शेजारी झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, हे त्याने इतक्यांदा पाहिले की एके दिवशी त्याने देवाला साक्षी ठेवून शपथ घेतली, की यातून जिवंत सुटलो तर यांच्यासाठी न्याय मागेन.

१ डिसेंबर १९९० रोजी इद्रिस देबीच्या फौजा राजधानीत आल्या, हाब्रे पळाला आणि तुरुंगांची दारे उघडली. गेंगेंग बाहेर आला. आता शपथ पाळायची म्हणजे करायचे काय? त्याच्यापाशी बंदूक नव्हती, पक्ष नव्हता, वृत्तपत्र नव्हते. होती ती फक्त हिशेब लिहायची सवय. मग त्याने तेच केले. वाचलेल्या कैद्यांना, विधवांना, पोरक्या मुलांना गाठून तो त्यांची जबानी लिहून घेऊ लागला. नाव काय, कोणत्या दिवशी उचलले, कुठे ठेवले, काय केले, बरोबर कोण होते, कोण मेले. एकेक करून ७९२ जबान्या जमल्या. पण राजवट बदलली तरी जुने गुप्त पोलीस नव्या सरकारच्या खुर्च्यांवर जाऊन बसलेले होते. कागद उघडे पडले असते तर लिहून देणाऱ्यांचे प्राण गेले असते. म्हणून त्याने ते सारे बाड घरात लपवून ठेवले आणि वर्षानुवर्षे त्यावर पहारा केला.

हाब्रे तोवर सेनेगालच्या राजधानीत, डाकारमध्ये, समुद्राच्या वाऱ्यावर सुखाने राहत होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्याचा मान होता.

मग एक अघटित घडले. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे लंडनच्या एका इस्पितळात असताना पकडला गेला, आणि तोही गार्सोन नावाच्या एका स्पॅनिश न्यायाधीशाच्या वॉरंटावर. गुन्हे बहुतेक चिलीतले, वॉरंट स्पेनचे, बेडी इंग्लंडची! पुढे प्रकृतीच्या कारणावरून त्याला मायदेशी जाऊ दिले आणि २००६ साली तो शिक्षेवाचूनच मेला. पण चाडच्या लोकांनी एवढेच पाहिले की असे होऊ शकते. पुढे तपासासाठी परदेशातून तरुण कायद्याचे अभ्यासक आले, तेव्हा गेंगेंगने आपले बाड बाहेर काढले. जानेवारी २००० मध्ये चाडची माणसे डाकारच्या न्यायालयाची पायरी चढली आणि ३ फेब्रुवारीला तिथल्या न्यायाधीशाने हाब्रेवर छळवणुकीतल्या सहभागाचा आरोप ठेवला. आफ्रिकेतल्या एका देशाच्या माजी सत्ताधीशावर आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने ठेवलेला आरोप! पाच महिन्यांतच वरच्या न्यायालयाने तो उडवून लावला. कारण? गुन्हे सेनेगालच्या हद्दीबाहेर घडले होते. प्रेत पुन्हा पलीकडच्या काठाला ढकलले गेले.

या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रसंग यानंतरचा आहे. २००१ च्या मे महिन्यात या लोकांच्या वतीने झटणारा अमेरिकन वकील रीड ब्रॉडी हा आपल्या सहकाऱ्यासह एन्जामेनातल्या गुप्त पोलिसांच्या ओसाड कचेरीत शिरला. पाहतो तो जमिनीवर कागदांचा खच! धूळ खात पडलेले हजारो कागद. रोजच्या कैद्यांच्या याद्या, चौकशीचे अहवाल, मेलेल्यांची नोंद. ते कागद लावून पाहिले तेव्हा कोठडीत मेलेल्या किंवा मारलेल्या १,२०८ जणांची नावे निघाली आणि छळाला बळी पडलेल्या एकंदर १२,३२१ जणांची. त्यांतली १,२६५ पत्रे थेट हाब्रेच्या नावे कैद्यांची स्थिती कळवणारी होती. एका अर्जावर तर खुद्द हाब्रेच्या हातचा शेरा होता. आजारी युद्धकैद्यांना इस्पितळात हलवण्याची विनंती रेडक्रॉसने केली होती. त्यावर, यापुढे मरण आल्याखेरीज एकाही युद्धकैद्याला तुरुंगाबाहेर पडता येणार नाही, अशा अर्थाचे शब्द लिहिलेले होते. ते अक्षर त्याचेच, असे पुढे हस्ताक्षरतज्ज्ञाने न्यायालयात सांगितले.

म्हणजे हिशेब दोन्हीकडे लिहिला जात होता. एक वही पीडितांची, घरात दडवलेली. दुसरी वही पीडकांची, माजाने उघडी टाकलेली. आपल्याला कोणी जाब विचारील असे ज्याला स्वप्नातही वाटत नाही, तो जमाखर्च लपवत नाही. तोच जमाखर्च एक दिवस त्याच्या विरुद्ध साक्षीला उभा राहतो.

तरीही वाट लांबच होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जाक्लिन मुदेना या चाडच्या वकीलबाईंवर हातबॉम्ब फेकला गेला. त्यांच्या पायाला जबर जखमा झाल्या, पण त्या पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या. सेनेगालमध्ये दार बंद झाले म्हणून पीडितांनी बेल्जियमचे दार ठोठावले होतेच. तिथल्या न्यायाधीशाने चार वर्षे तपास करून २००५ साली पकड वॉरंट काढले. सेनेगाल त्याला ताब्यात देईना आणि खटलाही चालवीना. शेवटी बेल्जियमने २००९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सेनेगालवरच दावा लावला. २० जुलै २०१२ रोजी निकाल आला, की विनाविलंब खटला चालवा, नाहीतर त्याला ताब्यात द्या. मग आफ्रिकी संघाच्या सहकार्याने डाकारमध्ये खास न्यायासन उभे राहिले, ३० जून २०१३ रोजी हाब्रेला अटक झाली आणि २० जुलै २०१५ रोजी खटला सुरू झाला.

हाब्रेने तो मानला नाही. पहिल्या दिवशी त्याने आरडाओरडा केला, त्याच्या वकिलांनी बहिष्कार टाकला. न्यायालयाने त्याला दुसरे वकील दिले, त्यांना अभ्यासाला दीड महिना दिला आणि नंतर पोलिसांनी त्याला अक्षरशः उचलून आणून बसवले. पांढरा झगा, पांढरे मुंडासे, डोळ्यांवर काळा चष्मा. तो अखेरपर्यंत गप्प बसून राहिला. त्याच्यासमोर ९३ साक्षीदार येऊन गेले. गेंगेंग आला. वाळवंटातल्या लष्करी छावणीत धाडून दिलेल्या बायका आल्या. आयुष्यभर घरातही न बोललेली गोष्ट त्यांनी भर न्यायालयात सांगितली. ३० मे २०१६ रोजी बुर्किना फासोचे न्यायाधीश गुस्ताव काम यांनी निकाल वाचला. मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, छळ, या सर्वांबद्दल जन्मठेप. सभागृहात बायकांनी आनंदाचा कल्लोळ केला. तलावाची दारे उघडली त्याला तोवर पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

ही हकीकत मी आमच्या एका वकीलमित्रांना सांगितली. पन्नास वर्षे जिल्हा न्यायालयात काढलेला हा माणूस सहजासहजी हळहळत नाही. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "अहो, पंचवीस वर्षांनी एका म्हाताऱ्याला कोंडून तुम्ही काय मिळवलेत? झाले गेले गंगेला मिळाले म्हणावे आणि देश पुढे न्यावा. आणि दुसरे सांगतो. हा न्याय नेहमी दुबळ्यांनाच गाठतो. बेल्जियमच्या ज्या कायद्याचे तुम्ही गोडवे गाता, त्याखाली बड्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांवर फिर्यादी येऊ लागताच अमेरिकेने डोळे वटारले आणि २००३ साली बेल्जियमने तो कायदा गुंडाळून ठेवला. खरे की नाही?"

खरे होते. हाब्रेची फिर्याद तेवढी, फिर्यादींत काही बेल्जियमचे नागरिक होते आणि तपास आधीच सुरू झालेला होता म्हणून टिकली. चाडमध्ये हाब्रेला शस्त्रे आणि पैसा पुरवणाऱ्यांपैकी कोणी त्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही. मोठा मासा जाळे तोडून जातो, हे मला कबूल आहे. पण म्हणून लहान माशाने गिळलेल्यांना, थांबा, आधी देवमासा सापडू दे, असे सांगायचे काय? न्याय सर्वांना सारखा मिळत नसेल तर तो आणखी लांबवर पोचवायला हवा. आणि तो तसा हळूहळू पोचतोही आहे. सीरियाच्या गुप्त पोलिसांतला एक कर्नल, अन्वर रस्लान, निर्वासित म्हणून जर्मनीत येऊन राहिला होता. त्यानेच कधी काळी अटक केलेल्या एका वकिलाने त्याला बर्लिनमध्ये ओळखले. १३ जानेवारी २०२२ रोजी कोब्लेंझ शहरातल्या जर्मन न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. दमास्कसच्या तळघरातल्या किंकाळ्या ऱ्हाईनच्या काठी ऐकल्या गेल्या.

राहिला गंगेचा प्रश्न. झाले गेले गंगेला मिळाले, ही म्हण मोठी उदार आहे, आणि भाऊबंदकीतल्या रागलोभासाठी मी ती स्वतः वापरतो. पण ती म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे पाहायला नको का? ज्याचे गेले त्याने म्हटले तर ती क्षमा. ज्याने नेले त्याने म्हटले तर तो कांगावा. आणि काठावर उभे राहून तुम्ही-आम्ही म्हटले, तर त्या दोन पाटलांपेक्षा आपण निराळे ते काय केले?

वकीलसाहेबांनी यावर सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि म्हणाले, "मुद्दा मुदतीचा आहे." वकिलाला हद्दीनंतर आठवते ती मुदतच. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर तो मुदतबाह्य होतो, हे खरे. व्यवहाराला कुठेतरी विसरावे लागते, नाहीतर संसार चालायचा नाही. पण मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदत नाही, असे १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी एका कराराने सांगितले. हद्दीची भिंत पाडली आणि मुदतीची तशीच ठेवली, तर चोराला फक्त म्हातारे होण्याची वाट पाहायची असते.

त्या क्षणी मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाला लाल पुठ्ठ्याच्या नव्या वह्या पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहत, पहिल्या पानावर 'श्री' लिहीत आणि पाडव्याला त्याच पानावर पहिली नोंद करत ती 'मागील बाकी'. त्यात अशीही येणी असत की जी वसूल होण्याची आशा नव्हती. कोणी गाव सोडून गेलेला, कोणाची मुदत केव्हाच टळलेली. शाळकरी वयात मी त्यांना विचारले होते, "हे पैसे येणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, मग दरवर्षी पुढे कशाला ओढता?" बोरूची शाई झटकीत ते म्हणाले, "येतील न येतील, ते मालकाचे नशीब. पण आले नाहीत हे वहीत दिसले पाहिजे. वहीने विसरायचे नसते."

त्यांचे शब्द तेव्हा मला एखाद्या कारकुनाच्या हट्टासारखे वाटले. गेंगेंगची हकीकत वाचल्यावर ते पुरते उमगले. आंतरराष्ट्रीय करार लिहिणारे मोठे पंडित असतात, निकाल देणारे मोठे न्यायाधीश असतात. पण त्यांच्या हाती द्यायला काही असावे म्हणून कोणीतरी आधी, भीतीने हात कापत असताना, नाव-गाव-तारीख लिहून ठेवावी लागते. ते काम हिशेबनिसाचे.

हिशेब पुरा झाला असे मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही. २०१७ साली अपिलाच्या न्यायासनाने जन्मठेप कायम केली आणि ७,३९६ पीडितांना ८२ अब्ज सीएफए फ्रँकहून अधिक भरपाई ठरवून दिली. २४ ऑगस्ट २०२१ रोजी हाब्रे करोनाने डाकारमध्ये मरण पावला, तोवर त्यांतला एक फ्रँकही कोणाच्या हाती पडलेला नव्हता. २०२४ साली चाड सरकारने पीडितांना काही रक्कम वाटली, ती ठरलेल्या रकमेच्या मानाने थोडी होती. कित्येक फिर्यादी वाट पाहता पाहता गेले.

बाकी निघते आहे. पण त्या ७,३९६ नावांची यादी आता कोणाच्या घरात जीव मुठीत धरून दडवलेली नाही. ती न्यायालयाच्या दप्तरात आहे, खाली सही आणि शिक्का आहे, आणि येणे कोणाकडून ते त्यावर स्पष्ट अक्षरांत लिहिलेले आहे.